हिरवी रेघ

जेल रोडवर, दुकानाच्या भिंतीवर चाळीस टीव्ही
आणि चाळिसांत एकच पोपट.
एकदम मान वळवतो, एकदम डोळा मिटतो.
पीस न् पीस दिसतं. इतकं दिसतं
की मला माझ्या चष्म्याची लाज वाटली.

"आंटीजी, अभी कौनसा है आपके पास?"
सांगितलं: बत्तीस इंची, दोन हजार अकराचा,
वीज मंडळाच्या एरिअर्समधून घेतलेला.
पोरगा हसला नाही. तसं शिकवलं असावं त्याला.
फक्त म्हणाला, "अच्छा, वो वाला,"
लांबच्या आजारी मामांची चौकशी करावी तसं.

सांगितलं नाही ते असं:
आमच्या टीव्हीत एक हिरवी रेघ आहे.
डावीकडून चार बोटं आत, वरपासून खालपर्यंत,
सुईत ओवायला ताणून धरलेल्या दोऱ्यासारखी.
सात वर्षं झाली.
बातम्या देणारी तिच्याआडून बातम्या देते,
फलंदाज तिला ओलांडून शतक पुरं करतो,
कितीतरी मालिकांमधली लग्नं तिच्या अलीकडे ठरली
आणि पलीकडे मोडली.
शकूरभाईंनी मागचं झाकण उघडून पाहिलं होतं.
"पॅनल का है, भाभी. चलने दो.
तकलीफ आपको है, इसको नहीं."

हे तोवर दुसऱ्याच टीव्हीशी बोलायला लागलेले.
रिमोटला माइक आहे, भाषा समजते म्हणे.
सोसायटीच्या सभेत खाकरतात तसा घसा खाकरून
ह्यांनी हुकूम सोडला: "आवाज कमी कर."
त्याने जरा विचार केला
आणि कंबर कमी करायचे सतरा व्यायाम
समोर मांडले.
ह्यांनी नकळत पोट आत घेतलं.
मी हसले. पण मनात आलं,
चुकीचं का होईना, ऐकलं तर.
एकतीस वर्षांत माझं "जरा आवाज कमी करा"
एवढ्या तातडीनं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

सुदामा नगरला परतताना, सिटी बसमध्ये
तिकिटाच्या पाठीवर मी हिशेब मांडला
(अकाउंट्सला होते, सवय जात नाही):
नवा बावीस हजार, जुन्याचे परत आठशे.
नाहीतर एक काडी मिळते, पेन्सिलीएवढी, तीन हजारांची,
मागे खोचली की जुनाही शहाणा होतो.
मृण्मयी फोनवर म्हणाली, "काडीच घे, आई.
रेघ राहील, एवढंच."
एवढंच.
त्याच्यापुढे मला आकडा लिहिता येईना.

शिवाय तो सुरू होताना विचारतो म्हणे, कोण बघतंय?
नाव टाका, चेहरा निवडा.
आमच्याकडे एक रिमोट. बॅटऱ्यांवर रबरबँड,
आवाजाच्या बटणाला जिरावणाचा वास.
बघतं कोण, ह्याचा निकाल आम्ही कधी लावलाच नाही.
जो आधी पेंगला तो हरला.

रात्री जुनाच लावला.
त्याला जाग यायला अकरा सेकंद लागतात,
तेवढ्यात माझं दूध झाकून होतं.
मॅच होती. फलंदाज नेमका रेघेखाली उभा.
हे उजवीकडे कलले.
सात वर्षं असेच कलतात,
जणू नाट्यगृहात खांबामागे बसलोय
आणि मान काढली की पलीकडचं दिसेल.
काचेतली रेघ कुठे अशी चुकते?
म्हणायला तोंड उघडलं, तर
मीही कललेली. डावीकडे.
ह्यांच्या खांद्यापासून वीतभर.

"घ्यायचा का गं?"
"कॅच सुटला बघा."

ऑफर रविवारपर्यंत आहे.
आज गुरुवार.