सोळा मिनिटांपूर्वीचा धाकलू

नवे संच घेऊन अल्ताफ शिकलगार कराडहून आला
तेव्हा बामणोलीत वीज नव्हती.
लाँचच्या धक्क्यावर बसूनच त्यानं समजावलं
आम्हाला, म्हणजे सात वनरक्षकांना, मला,
आणि चहाची किटली घेऊन आलेल्या पोराला.

"उपग्रह तुम्हाला बघत नाही," तो म्हणाला.
"वीस हजार किलोमीटरवरून तो एवढंच बोलतो:
मी अमुक जागी, आत्ता इतके वाजलेत.
चौघांचं ऐकायचं,
कुणाचं बोलणं किती उशिरा पोचलं ते मोजायचं
आणि आपली जागा आपण काढायची.
हातातला डबा करतो ते सगळं.
वरच्याला तुमचं नावसुद्धा ठाऊक नाही."

धाकलू कोकरे म्हणाला, "धुक्यात आमी त्येच करतो.
चार अंगाला चार कळपांच्या घंटा,
कुठली जवळ, कुठली लांब, कान देऊन बघायचं,
मग समजतं आपुन कुटं हाय."
अल्ताफ जरा थांबला.
हे त्याच्या पुस्तकात नव्हतं.

तेव्हापासून माझ्या खोलीत नकाशा उजळलेला असतो.
कुणी बोलून बटण सोडलं
की वाक्याच्या शेपटीला एक बारीक टुर्र.
तेवढ्यात आकडे येतात,
सतरा अंश अमुक, त्र्याहत्तर अंश तमुक.
कासच्या अंगाला टेकाडावर रिपीटर आहे, तो ते झेलतो,
आणि पडद्यावर ठिपका सरकतो.
नुसतं चालत राहिलं तरी दर पाच मिनिटांनी.

आंधळेपण दोन तऱ्हेचं, हे मला पुढे कळलं.
दाट झाडीत आभाळ हरवतं:
आवाज येतो, जागा येत नाही.
आणि डोंगराआड उघड्या पात्रात
संचाला सगळं माहीत असतं,
फक्त सांगता येत नाही.
दुसऱ्या तऱ्हेची माणसं आमच्या घरातही आहेत.

मार्चमध्ये नागेश्वरच्या बाजूला धूर दिसला म्हणून
धाकलू एकटाच गेला.
सहा चाळीसला ठिपका थांबला.
पडदा खोटं बोलत नाही, तो फक्त करडा होतो
आणि शेजारी वय लिहितो.
सोळा मिनिटांपूर्वी.
एक्केचाळीस मिनिटांपूर्वी.
मी जेवणाचा डबा उघडला, झाकला.
दोन तास तीन मिनिटांपूर्वी.
तिथं तो आता नाही, एवढंच नक्की होतं.

नऊला खरखर, आणि आवाज.
"मॅडम, जागा येती का?"
"नाही."
"मग लिवा. भेकराचं पानी,
आडव्या जांभळीच्या वरच्या अंगाला. धूर इजलाय."
भेकराचं पाणी कुठल्याच नकाशात नाही.
मी रजिस्टरच्या कडेला पेन्सिलनं लिहिलं,
वेळ घातली, आणि मग डबा खाल्ला.

दहाच्या पुढे तो धारेवर चढला असावा.
संचात साठलेले ठिपके एकदम आले,
एकामागून एक, जुने आधी,
जशी कुणी माझ्यासमोर संध्याकाळ परत चालून दाखवावी.
ओढा. वळण. परत ओढा.
एका जागी ठिपक्यांचा नुसता ढीग,
चाळीस मिनिटं.

"तिथं काय करत होतास?"
"गवी व्याली व्हती वाटंत.
वासरू हुबं राहीस्तवर बसलो."
त्याच्यासाठी रकाना नव्हता.

आता त्याची बदली ढेबेवाडीला झालीय.
नवा माणूस यायचा आहे.
संच खिडकीत चार्जरवर ठेवलाय,
काचेतून त्याला अर्धं आभाळ दिसतं, तेवढं पुरतं.
दर पाच मिनिटांनी तो रिपीटरला गाठून
माझ्याच छपराची जागा मला कळवतो,
आणि पडद्यावर अजून त्याचंच नाव, कोकरे,
माझ्यापासून चार हातांवर.

नाव बदलून टाका, अल्ताफ फोनवर म्हणाला.
दोन बटणांचं काम आहे.
हो म्हणाले.