कंगोरे

ओतारूच्या चढावर आमचं न्हाणीघर.
दाराशी बर्फ उपसायचं फावडं, आत वाफ.
मी मधल्या उंच बैठकीवर, गल्ल्यापाशी,
डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष.
चारशे नव्वद येन. साबण वेगळा.

चष्मा वाफेनं आंधळा होतो,
म्हणून मी नाणी बोटांनी ओळखते.
पन्नासचं भोकाचं,
एकचं असं हलकं की शिंक आली तर उडेल,
दहाचं तांबूस, कडेला गुळगुळीत.
पण कधीतरी, फार क्वचित,
दहाचंच एखादं अंगठ्याखाली करकरतं.
कडेला बारीक कंगोरे.
शोवा सव्वीस ते तेहेतीस, तेवढीच वर्षं तशी पाडली,
त्यातही एकतीस साली एकही नाही.
दुकानदार चाळीस देतो, तोंड वाकडं करून.
तेहेतीसच्याला थोडे जास्त.
श्रीमंत कुणी होत नाही यात.
तरी मी माझ्या पाकिटातलं गुळगुळीत गल्ल्यात टाकते
आणि कंगोऱ्याचं चहाच्या डब्यात.
दहाला दहा. हिशेब चोख.

त्या हिवाळ्यात मात्र ती रोज यायला लागली.
तोगाशी-सान संध्याकाळी पाचला यायचे,
चार शंभराची, नऊ दहाची,
आणि त्या नवांत एक करकरणारं.
रोज एक.
आठवडाभर मी नशीब म्हणाले.
नशीब इतकं वेळेवर येत नाही.

मग एकदा एका नाण्याला
चिकटून आला कागदाचा कपटा,
त्यावर पेन्सिलीनं २९,
नवाचं शेपूट लांब, खाली ओढलेलं.
मासळीबाजाराच्या पावत्यांवर
ते शेपूट मी तीस वर्षं पाहिलं होतं.
तामायोचं.
ती ऑक्टोबरात गेली.

म्हणजे तिची पेटी रिकामी होत होती,
अंघोळीपायी.
त्यांना कळत असेल का?
बंदरातल्या क्रेनच्या दांड्यांनी
त्यांच्या बोटांची कातडी कधीच मारलेली,
गरम पाणीसुद्धा कोपरानं बघायचे.
मी विचारलं नाही.
डबा जड होत गेला.
एकसष्ट नाणी.

मार्चात, बर्फ काळं पडलं तेव्हा,
एक दिवस नऊच्या नऊ गुळगुळीत.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी त्यांनी पाचशेचं नाणं ठेवलं.
दहा परत द्यायचे होते.
गल्ल्यात ढीगभर होती.
माझा हात खाली गेला, डब्याकडे.

त्यांनी नाणं उचललं,
पाहिलं नाही,
कड खालच्या ओठावरून फिरवली, हळू,
एका टोकापासून पुन्हा त्याच टोकापर्यंत.
मागे कुणीतरी प्लास्टिकची बादली आपटली.

“तिला एकतीसचं मिळालं नाही,” ते म्हणाले.
“शेवटपर्यंत मला सांगायची,
मोड घेताना बघत जा, एकतीसचं बघत जा.”

इतकी वर्षं गोळा करणारीला
हे माहीत नसेल?
की या माणसाला
कशाच्या तरी शोधात ठेवायचं होतं तिला?

माझा जन्म एकतीसचा.
माझ्या वर्षाचं दहाचं नाणं नाही,
हे मी शाळेत असल्यापासून जाणते.
म्हणाले,
“इथे खूप चिल्लर येते. बघत राहीन.”

“बघा,” ते म्हणाले,
आणि टॉवेल खांद्यावर टाकून आत गेले.

दुसऱ्या दिवशी पाचला
चार शंभराची, नऊ दहाची.
पाचवं करकरलं.
मी ते डब्यात टाकलं नाही,
गल्ल्याच्या कोपऱ्यात वेगळं ठेवलं,
ते पुन्हा पाचशेचं देतील
त्या दिवसासाठी.