सव्वा मीटरवरून

एकोणीस वर्षं माझं काम एकच होतं :
फोन पाडणं.
सालोच्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
सव्वा मीटर उंचीवरून, सहाही बाजूंनी, काँक्रीटवर.
पाडायचा, उचलायचा, एकेक बटण दाबून बघायचं
आणि वहीत लिहायचं : तडा नाही. बोलतो.
घरी माझ्या हातून कप निसटला की बायको म्हणायची,
आता ओरडू, की पगार देऊ?

कारखाना गेला. वही राहिली.
(न्यायची परवानगी नव्हती. असो.)

आता दर गुरुवारी सॉना. मी, आउलिस आणि इल्पो.
आउलिस रंगखात्यात होता. इल्पो कँटीनमध्ये बटाटे उकडायचा,
म्हणून फोनबद्दल सगळ्यांत ठाम मतं इल्पोची.
टॉवेल सावरत तो बातम्या सांगतो :
नवा आलाय, पुस्तकासारखा मिटतो.
"तुझ्या घरी पुस्तकं मिटलेलीच असतात," आउलिस म्हणतो,
"तुला शोभेल."

अंगठी आलीय एक. सकाळी सांगते,
रात्री झोप लागली की नाही.
मला ते अंगठीच्या आधी कळतं, मी म्हणतो,
साधारण तीन वाजता.
किंमत ऐकून आउलिस दगडांवर पळीभर पाणी टाकतो.
वाफ उठते. थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही.

मग फ्रिज. दूध संपलं की फ्रिज कळवतो म्हणे.
"आणतो का?"
"आणत नाही. कळवतो."
"म्हणजे माझा मेहुणा."

आणि पातळ. दरवर्षी आणखी पातळ.
कसले उपास धरलेत या फोनांनी?
मंचावरचा तो माणूस तर दोन्ही हातांनी धरून उभा,
शेजारणीचं तान्हं बाळ घेतल्यासारखा.
सगळे टाळ्या वाजवतात. मला एवढंच विचारायचं असतं :
पाडून बघितला का कुणी?

आइनिक्कीनं, माझ्या लेकीनं, औलूहून घड्याळ पाठवलं.
रोज चार्ज करावं लागतं,
गाईची धार काढावी तसं, वेळच्या वेळी.
पहिल्याच आठवड्यात लाकडं फोडताना पाचदा विचारलं,
तुम्ही पडलात का?
कुऱ्हाड पडली, बाबा. मी उभा आहे.
नाकापेक्षा मोती जड, म्हणून ड्रॉवरमध्ये टाकणार होतो.
का टाकलं नाही, आठवत नाही.

फेब्रुवारीत, टपालपेटीकडे जाताना, पडलो.
उंची : एक मीटर त्र्याहत्तर, पूर्वी शहात्तर.
बाजू : डावी. पृष्ठभाग : बर्फ, खाली खडी.
टोपी तिसरीकडेच.
मनगट थरथरलं. तुम्ही पडलात का?
साठ सेकंद देतं ते उत्तराला.
आम्ही फोनला दहासुद्धा देत नव्हतो.

मी हातमोजा काढला. एकेक बोट हलवून पाहिलं,
जुन्या क्रमानं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे.
करंगळीनं जरा उशीर केला,
पण ती कारखाना होता तेव्हापासून तशीच.
वर आभाळ, धुतलेल्या पातेल्याच्या रंगाचं.
शेजारच्या कुत्र्यानं एकदा पाहिलं आणि विषय सोडला.
बावन्नाव्या सेकंदाला दाबलं :
मी ठीक आहे.

यातलं सॉनात काही सांगितलं नाही.
बॅटरीबद्दल मात्र बरंच बोललो.
इल्पोनं माहितीपत्रक बारीक अक्षरांपर्यंत वाचलेलं.
"सॉनात नेऊ नका म्हणतात!" तो उसळला,
"फिनलंडमध्ये विकतात आणि सॉनात नेऊ नका!"
तेवढ्यावर आमचं तिघांचं एकमत झालं.
असं फार वेळा होत नाही.

बाहेर, बाकावर, मोज्यांशेजारी
ते थरथरलं. लाकडातून आवाज आत आला.
"कोण आहे?" आउलिसनं विचारलं.
कुणी नाही, म्हटलं.
टाक पाणी.