वाटणी

अलाझानीच्या खोऱ्यात नोव्हेंबर म्हणजे
तांब्याच्या हंड्याखाली वेलींच्या काटक्या,
सांध्यांना लिंपलेली कणीक,
आणि राखेत बटाटे.
मी तेलावीहून सकाळच्या मिनीबसने आले,
मांडीवर झाकणाच्या तीन रिकाम्या बादल्या.
ड्रायव्हरने विचारलं, मासे का?
म्हटलं, चोथा न्यायचाय.
पुढे घाट संपेपर्यंत तो बोलला नाही.

बाबा हंड्यापाशी, स्टुलावर.
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणांतून
वाइन केव्हाच वर आलेली.
तळाशी उरलेलं, साली, देठ, बिया,
त्यांनी फावड्याने उपसून हंड्यापर्यंत आणलेलं.
"चोथा मागतेस, मारेखी? हाच तर माझा हिवाळा."
आमच्याकडे चोथ्याला आणि त्याच्या दारूला
शब्द एकच, चाचा.
त्यामुळे भांडण नेमकं कशावरून चाललंय
हे शेजाऱ्यांना कळत नाही.

मी सांगू लागले.
साफेरावीच्या सालीत जो रंग असतो
(आईच्या नखांत नाताळपर्यंत राहायचा तो),
बियांत जे तुरट असतं,
ते वेलीने स्वतःसाठी केलेलं.
उन्हाचा चटका, बुरशी, किड्यांचे दात,
या सगळ्यांना तिने दिलेलं उत्तर.
वाइनमध्ये त्यातलं थोडंच उतरतं.
बाकीचं सालीला धरून बसतं,
जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.

"आणि तू त्याला उठवतेस कशाने?"
अल्कोहोलने. अर्धं पाणी.
"मग?"
मग अल्कोहोल उडवते.
काचेच्या गोळ्यात, फिरवत, मंद आचेवर.
खाली राहतं ते ठेवते.

बाबा इतके हसले की शेजारचा कुत्रा उठून बसला.
"म्हणजे मी धरतो ते तू उडवतेस,
आणि मी कुंपणापाशी ओततो
ते तू बाटलीत भरतेस!"

मला हे कधी सुचलं नव्हतं.
सहा वर्षं, एक प्रबंध,
पोलंडात ट्रक चालवणाऱ्या भावाला
फोनवर चारदा समजावलेलं,
आणि हे इतकं सोपं.
वाफ वर जाते, तुरटपणा जात नाही.
माझ्या लहानपणभर त्या अक्रोडाखाली
काळ्या रेंद्याचा ढीग पडायचा,
त्यावर बर्फ,
बर्फावर फुटलेला जांभळा डाग.
डुकरं मात्र धष्टपुष्ट.

वाटणी तिथेच झाली, कागदाशिवाय.
वाफ त्यांची. गाळ माझा.
शिवाय एक बादली न उकळलेली, उधार,
कारण उकळीत सालीचा रंग मोडतो.
बिया पुष्कळ सोसतात, मी म्हटलं.
"तुझ्या आईसारख्या," म्हणाले,
आणि काटक्या आत सारल्या.

तीन आठवड्यांनी गेले तेव्हा
बादलीतून निघालेली भुकटी होती वाटीभर.
टेबलावर ठेवली,
त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी.
"हिने काय बरं होतं?"
उंदरांचं थोडंफार सांगता येतं.
माणसांचं अजून मोजतोय.
"म्हणजे उंदीर असतो तर आजच घेतली असती."
घेऊ नका, म्हटलं,
तोवर बोट वाटीत बुडून तोंडात गेलेलं.

चेहरा आक्रसला. डोळे मिटले.
जीभ टाळ्याला चिकटून सुटल्याचा
आवाज मी ऐकला.
मग बराच वेळ काही नाही.
हंड्याखालची राख कधीच थंड झालेली,
बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करतंय,
होत नाहीये.

"वरच्या उताराची," बाबा म्हणाले.
"विहिरीपलीकडची ओळ. तिथे दगड जास्त."

बादल्यांवर मी तारीख लिहिली होती,
वजन, तापमान, ओलावा.
कुठल्या ओळीची द्राक्षं हे विचारलंच नव्हतं.
तक्त्यात उताराला रकाना नाही.
परतीच्या मिनीबसमध्ये समासात लिहिलं,
पेन्सिलीने,
पुसता येईल असं.