निर्मात्याच्या रकान्यात

रजिस्टरला चौदा रकाने होते,
सहावा निर्मात्याचा.
त्यात तीन-चारच नावं यायची तेव्हा,
हात आपला आपण लिहायचा, मान खाली.

त्या मंगळवारी मान वर केली
कारण खिडकीशी उभा माणूस म्हणाला,
"निर्माता मीच."

नथू तिडके. ओझरला विमानांच्या पंखांत रिबिटं ठोकायचा,
ती नोकरी सोडलेली,
हात कोपरापर्यंत फायबरच्या कुसळांनी लाल.
बाहेर चिंचेखाली त्याची गाडी,
तीन चाकांची, फिकट पिवळी.
शिपाई तिला बोट लावून बघत होता
दूध तापलं का बघावं तसं.

"गाडीचं नाव?"
"टिटवी."
मी बघतच राहिले तेव्हा म्हणाला,
"टिटवीसुद्धा समुद्र आटवते, देवरेबाई."

बाकीचं कळलं ते हप्त्याहप्त्यानं,
कारण तो दर खेपेला एक कागद कमी आणायचा
आणि एक गोष्ट जास्त.

साचा पंचवटीतल्या रंगनाथ मूर्तिकाराचा,
विसर्जनानंतरच्या रिकाम्या महिन्यांत घडवलेला.
दिवे बसवायची वेळ आली तसा तो अडून बसला:
डोळे शेवटी, आणि पहाटेच,
आणि सगळ्यांना शेडबाहेर काढलं.
सीट शिवली टांग्याच्या गाद्या शिवणाऱ्या गफूरभाईंनी,
उरलेला काथ्या भरून.
उन्हाळ्यात तिला घोड्याचा वास यायचा.
गिऱ्हाइकाला हे सांगायचं नाही असं ठरलं होतं.
दाराची मूठ लोखंडी कपाटाची,
इंजिन रिक्षाचं.
बिल्ला तेवढा अस्सल, तांबट आळीत ठोकलेला,
पितळी, पंख मिटलेली टिटवी.
पसरलेल्या पंखांना पितळ जास्त लागत होतं.

सातपूरच्या भाड्याच्या शेडमध्ये
साडेतीन वर्षांत सतरा गाड्या.
सतरावी अर्धीच; ती धरायची की नाही
यावरून तिडके आणि पैसे घालणारा त्याचा मेहुणा
माझ्या टेबलासमोर भांडले,
पेनस्टँड सांडेपर्यंत.

पांडवलेण्याच्या चढावर ती
दोन माणसं घेऊन चढायची.
तिसरा उतरून चालत यायचा
आणि वर आधी पोचायचा.
हे तिडक्यानंच सांगितलं, पोट धरून हसत.
दिल्लीच्या परवान्याचं सांगताना हसला नाही.
वर्षाला पाचाच्या वर करायच्या तर परवाना:
अर्ज, स्मरणपत्र,
स्मरणपत्राची आठवण करून देणारं पत्र.
शेवटी उत्तर आलं. मी वाचलंय ते.
'आपल्या सायकल कारखान्याबाबतच्या अर्जास अनुसरून...'

आमचे साहेब म्हणाले, यादीत नाव नाही ना,
'इतर' लिहा.
मी लिहिलं. सोळा वेळा.
अक्षर माझं चांगलं,
त्यामुळे 'इतर'सुद्धा सुबक दिसायचं.
तिडके तोवर उलटं वाचायला शिकला होता,
खिडकीच्या त्या बाजूनं.
वाचायचा, टोपण काढायचा, सही करायचा.

परवाच्या पौषात भाचीकडे गेले, पिंपळगावला.
द्राक्षबागेच्या कडेला, औषधाच्या पिंपांमागे
फिकट पिवळं काहीतरी.
चाकं नाहीत. आत कोंबडी रवणावर.
नाकावर बिल्ल्याची दोन भोकं,
पितळ कुणी कधीच मोडीत घातलेलं.
डोळे मात्र जागेवर, धुळीनं मिटू आलेले.

फवारणीचा पोरगा म्हणाला,
"मावशी, कुठल्या कंपनीची हो ही?"

इतर.
आधी तेच आलं तोंडात,
तीस वर्षांची सवय.

मग म्हटलं, थांब, सांगते,
ओझरला एक माणूस होता.
पण त्याचा पंप सुरू झाला होता
आणि त्याला काही ऐकू जात नव्हतं.

मी मूठ फिरवली.
कपाटासारखीच उघडली, करकरत.
कोंबडी जरा सरकली, उठली नाही.
काथ्यावर टेकले,
दार ओढून घेतलं. लागलं नाही.
पुन्हा ओढलं.