उंचीची पट्टी

घणसोलीला खाडीच्या अंगाला ही बाग.
उजवीकडे मनोरा. वीस माणसं वर नेतो,
क्षणभर पारसिकचा डोंगर दाखवतो
आणि सोडून देतो.
डावीकडे माझी झुकझुकगाडी.
चार डबे, साडेतीन मिनिटं, एक बोगदा,
बोगद्यात पत्र्याचा वाघ. त्याचा उजवा डोळा
शिमग्यापासून पेटत नाही.

साहेब महिन्याला आकडे घेऊन येतात.
"यमुनाबाई, तिकडे रांग फाटकापर्यंत,
तुमच्याकडे सहा पोरं.
या जागेत दुसरा मनोरा बसेल."
बसेल की.
पण वर जाणाऱ्यांच्या चपला, चष्मे, फोन,
परवा तर एकाची कवळी,
ही कुणाच्या मांडीवर ठेवायची
तेही मोजून घ्या.

पट्टी दोन्हीकडे आहे.
तिकडची म्हणते, याच्या वर असशील तर ये.
माझी म्हणते, खाली असशील तर.
तिकडे पोरं टाचा उचलतात, बुटात रुमाल कोंबतात.
दिलावर काही बोलत नाही,
खांद्यावर नुसता हात ठेवतो,
पोरगं आपोआप दोन बोटं उतरतं.

भार्गव तीन वर्षांचा असल्यापासून येतो माझ्याकडे,
कायम शेवटच्या डब्यात.
या मे महिन्यात त्याचे केस
पट्टीच्या वर.
बापाला कोण आनंद!
"आता मनोरा!" फोन आधीच हातात.
पोरगं गेलं. आलं.
ओठ पांढरे, आणि बापाकडे बघून
हसलं, फोन खाली जाईपर्यंत.

मग हळूच माझ्या रांगेत.
पट्टीला पाठ लावून उभा राहिला,
नजर समोर, शर्ट ताठ,
आणि हाफपँटखाली गुडघे
जरासे मोडलेले.

अकरा वर्षं झाली या फाटकाशी.
उंच व्हायला धडपडणारी पोरं हजारो पाहिली,
बुटका व्हायला आलेला
हा पहिलाच.

मी पट्टी पाहिली. गुडघे पाहिले.
"बोगद्यात मान खाली घाल," म्हटलं,
आणि शिट्टी दिली.

साहेब, त्या दिवसाच्या कागदावर
एक पोरगं दोनदा आलंय.
एकदा तुमच्या रकान्यात, एकदा माझ्या.
खोडू नका.
आणि वाघाच्या डोळ्याचा बल्ब
तेवढा पाठवून द्या.