शेरा

नार्वेच्या फेरीधक्क्यावरून चढ चढून आलं की
रेशन दुकानाच्या माडीवर आमचं वाचनालय.
तीन कपाटं, एक पंखा, मी.
मार्चअखेर मोजदाद असते:
पुस्तक हातात घ्यायचं, पानं अंगठ्याखालून सोडायची,
नोंदवहीत शेरा लिहायचा.
ठीक. फाटके. गहाळ.

क्रमांक चारशे सत्तावन्न मध्येच अडलं.
एकशे बत्तीस आणि एकशे तेहतीस
एकमेकांना घट्ट चिकटलेली.
कडेला तपकिरी रेघ. वास घेतला.
फणसाचा चीक.

हे पुस्तक मला ठाऊक आहे.
चार मुलं, एक होडी, बुडालेल्या गलबताचा नकाशा,
आणि वाटेत भेटलेलं पाणमांजर,
आम्ही ज्याला हुद म्हणतो,
खाजणातल्या मानशीपाशी पहाटे डोकं काढतो तो.
एकशे एकतिसावर तो मुलांच्या पुढे पोहतो आहे.
एकशे चौतिसावर
होडीत कोणी कोणाशी बोलत नाही.
मधल्या दोन पानांपायी मी दहाव्या वर्षी
पेजेचं ताट तसंच ठेवून उठले होते.
आई म्हणाली होती, हुद खोटा नि रडणं खरं,
असलं कसलं गं पुस्तक?

कार्डावर शेवटची दोन नावं:
संजीवनी हरमलकर, सहावी.
खाली त्याच आडनावाचा, गिचमिड अक्षरातला
उमाकांत, तिसरी.
त्यांच्या आईला चवथीच्या आधी बांबोळीला नेलं.
परत आणलं तेव्हा संध्याकाळची शेवटची फेरी होती
आणि फेरीवाल्याने भोंगा वाजवला नाही.

मी संजीवनीला काही विचारलं नाही.
मला ती दिसली मात्र,
परसात कोवळा फणस चिरणारी, सुरीला आधी तेल लावून,
कारण ती नीट काम करणारी मुलगी.
आधी स्वतः दोन्ही पानं वाचली असणार, शेवटपर्यंत.
मग काडीने चीक ओढत नेला असेल कडेकडेने,
अक्षरांवर थेंब पडू न देता,
आणि रात्रभर वर ठेवला असेल जड वरवंटा.
सकाळी भावाला म्हणाली असेल,
घे, तुझी पाळी.

खालच्या कोपऱ्याशी माझं नख सहज आत गेलं.
तिथला चीक आधीच उकललेला,
आणि त्यावर परत चिकटवलेलं
भाताचं एक शीत, वाळून काचेसारखं झालेलं.
चीक असताना शीत कोण लावतो?

शनिवारी उमाकांत आला, नवं पुस्तक मागायला.
मी म्हटलं, हुद आवडला का रे?
तो खिडकीतून खाली मांडवीकडे बघत राहिला.
पलीकडे दिवाडीच्या काठावर
कोणीतरी स्कूटर ढकलत फेरीत चढवत होतं.
गेला तो, म्हणाला. पोहत.
अर्ध्या जिन्यावरून परत वर आला,
धापा टाकत, दाराच्या चौकटीला धरून:
ताईक सांगूं नाकात हां.
तिका दिसता, म्हाका खबर ना.

त्या गलबतात शेवटी काय सापडलं
मला आठवत नाही. नाणी असतील.
नाण्यांची पानं कोणीच चिकटवलेली नाहीत.

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
फाटके लिहिलं तर पुस्तक रद्दीत जाणार.
ठीक लिहिलं तर खोटं.
गहाळ तर नाहीच,
सगळं आहे, एका शिताच्या अंतरावर.
धक्क्यावर साखळ्या खडखडल्या, फेरी सुटली.
मी कोपरा अंगठ्याने दाबून नीट बसवला
आणि लिहिलं:

एक जोडपान बंद.
मुलांना द्यायला हरकत नाही.